भादरलेलं हायड्रेंजिया

कुंडलिकनं महाबळेश्वरहून हायड्रेंजियाची फांदी आणली, त्याला चार वर्षं झाली. तिकडं त्या झाडाला डोक्याएवढे निळे गेंद लागतात. इकडं सोलापुरात, मोरीशेजारच्या सावलीत, नुसता पाला! गोणपाट बांधलं, चहाचा चोथा घातला. बहात्तरच्या दुष्काळात गल्ली घागरीसाठी भांडत होती, तेव्हाही ह्यानं झाडाला पाणी पाजलं आणि बायकोच्या शिव्या खाल्ल्या.

"अवो, बास झालं," बजाबाई म्हणाली. "येत्या उन्हाळ्यात फूल न्हाय दिसलं तर उपटून टाकीन. तितं कडीपत्ता लावनार मी."

"येईल की गं!"

"चार वर्सं तेच. तेवढ्यात म्हस दोनदा व्याली असती."

शेवटी कुंडलिकनं महाबळेश्वरच्या रोपवाल्याला कार्ड टाकलं. उत्तर आलं ते नेमकं दिवाळीला गावी, करकंबला निघताना. गल्लीच्या तोंडाशी पोस्टमननं हातात ठेवलं: 'दिवाळीत छाटत नाही ना? कळी जुन्या काडीच्या टोकालाच धरते. छाटलं की फूल गेलं.'

मी कशाला छाटतोय, असं म्हणता म्हणता कुंडलिकला धुळा आठवला. धुळा म्हणजे कुंडलिक कारकून होता त्या मिलचा वॉचमन, जातीचा धनगर. दर दिवाळीला झाडाला पाणी घालायचं काम त्याचं. गावाहून परतावं तर झाड कसं गोल गरगरीत! कुंडलिक खूश, धुळाला लाडू. तीन वर्षं लाडू!

पिशवी बायकोच्या हातात कोंबून तो माघारी पळाला. धुळा मेंढरं भादरायची कातर घेऊन उकिडवा बसलेला. अर्धं झाड साफ.

"आरं ए! काय करतुयास?"

"भादरतुय की मालक. भादरलं की लोकर दाट येती."

"हे मेंढरू हाय व्हय रं?"

"पाला दाट आला की! तुमीच म्हनलासा."

कुंडलिक कातर आणि झाडाच्या मधे शिरला.

"सरका, उरलेलं उरकतो. अर्धं भादरलेलं लई वंगाळ दिसतंय."

कुंडलिक झाडाला मिठी मारून मोरीच्या चिखलात बसला. तिकडं एसटी गेली.

मे महिन्यात कातर न लागलेल्या बाजूला फूल आलं. एकच, पण निळंशार. कुंडलिकनं अख्खी गल्ली गोळा केली. बजाबाईनं वाकून हुंगलं, परत हुंगलं.

"अवो, वासच न्हाय की ह्याला!"

"बघायला कसंय ते बोल की!"

"बरं हाय," ती कुरकुरली. "ऱ्हाऊ द्या. पर आजपासनं ह्याचं पानी तुमच्या आंगुळीच्या वाट्यातलं."

झाड राहिलं. कुंडलिकची आंघोळ तांब्यावर आली, आणि मिलमध्ये शेजारच्या कारकुनानं आपली खुर्ची उचलून पार खिडकीला नेली.