मुठीतली ओल

बुरशी म्हटलं की माझं डोकं फिरायचं. भाकरीला आली की भाकरी उकिरड्यावर, लोणच्याला आली की बरणी रिकामी, असा माझा संसार. आणि माझी सून रूपाली, शहाद्याच्या कॉलेजात शिकलेली, ती पैसे देऊन बुरशीचं बियाणं घरी घेऊन आली. धनुबाईची सून बुरशी लावते, हे आमच्या कोरीट गावभर व्हायला एक सकाळ पुरली. मी तिला म्हटलं, बाई, लोक दाराशी तुळस लावतात.

ती हसली. म्हणाली, ही बुरशी पऱ्हाटी खाते. कापूस वेचून झाला की आमच्याकडे सगळे उरलेल्या वाळक्या झाडांचे, पऱ्हाटीचे ढीग पेटवतात, आणि त्या धुरानं मला दर थंडीत दमा उठतो. मी ओसरीवर खोकत बसायची आणि रूपाली माझी पाठ चोळायची, डाव्या खांद्याच्या जरा खाली, जिथे दाबलं की श्वास सुटतो तिथेच. त्यावरूनच तिनं डोक्यात घेतलं. यंदा आपली पऱ्हाटी जाळायची नाही, ही बुरशी आधी पिशव्यांत वाढवून मग ढिगात कालवायची, पावसापर्यंत त्याचं खत होतं. निदान आपल्या शेताचा धूर तरी तुमच्या छातीत जायला नको, म्हणाली. नवऱ्यानं जन्मात माझ्यासाठी असं काही योजलं नाही.

मागची खोली तिनं घेतली. पऱ्हाटीचा भुगा आणि गव्हाचा कोंडा भिजवायची, उकळायची, निथळत ठेवायची. सगळा खेळ पाण्याचा. कमी पडलं तर बुरशी सुकते, जास्त झालं तर गुदमरते; तिलाही तुमच्यासारखा श्वास लागतो, म्हणायची. तिचे हात बारीक, म्हणून अंदाज घ्यायला माझा हात.

"माय, तुमनी मूठ आवळा."

तळवा ओला व्हायला हवा, पण थेंब पडता कामा नये. तेवढी ओल जमली की ती बियाणं मिसळून पिशव्या भरायची. बाहेरून ओलं गोणपाट. पुढे पिशव्यांत पांढरे धागे पसरले, फुटलेल्या बोंडासारखे, तेव्हा मीसुद्धा चोरून बघायला जायची. तिनं एकदा पकडलं मला. दिवसभर चिडवत होती.

मग तिला ताप आला. साधा वाटला, डेंग्यू निघाला. नंदुरबारच्या दवाखान्यातून फोनवर ती स्वतःचं काही सांगेना, पिशव्यांचंच विचारी. गोणपाट ओलं ठेवता ना, आत पाणी ओतू नका हं. मी म्हटलं, अगं, तू आधी उठ. ती उठली नाही. पंचविशीतली पोर गेली आणि साठीची मी राहिले, याला काय म्हणायचं ते मला अजून कळत नाही.

माझ्या डोळ्यातून टिपूस आलं नाही. बायका म्हणायच्या, मोकळी हो गं एकदा. मी उठून मागे जायची आणि गोणपाट भिजवायची. पिशव्या जगल्या तर तिचं म्हणणं पुरं होणार होतं. मला दुसरं काही नको होतं.

दहाव्याला माझा लेक नवनीत वडिलांबरोबर प्रकाशा गावी, तापीवर गेला. सुतक फिटायचं म्हणून घरात धुणंसारवणं निघालं. धानोऱ्याहून माझी नणंद सरलाबाई आली होती, तिनं पदर खोचला. मी पुढे आल्यागेल्या बायकांत अडकले. मागच्या खोलीत गेले तेव्हा जमिनीवरून पाणी वाहत होतं. सरलाबाईनं पिशव्यांची तोंडं सोडून प्रत्येकीत गोमूत्र शिंपडलं होतं आणि वर बादलीनं पाणी ओतलं होतं.

"समदं धुई टाकं, वहिनी," ती म्हणाली. "तिना जीव आठे अडकाले नको."

मी तिला नाही नाही ते बोलले. ती रडायलाच लागली. बुरशी आलेला कोंडा बघून टाकूनच देणार होती, पण पोरीच्या हातचं टाकवेना, म्हणून धुतलं. आता अशा बाईवर रागवायचं तरी कसं? मी पिशवीत हात घातला आणि मूठ आवळली. पाणी कोपरापर्यंत ओघळलं.

पिशव्या उलट्या टांगल्या, खाली भोकं पाडली, पंखा लावला. काही उपयोग झाला नाही. पांढरं होतं ते हिरवं झालं, मग काळं, आणि खोलीला आंबूस वास सुटला.

पऱ्हाटी किती दिवस ठेवणार? नांगरायला ट्रॅक्टर बांधावर येऊन थांबला. नवनीत ढिगाजवळ काडेपेटी घेऊन नुसता उभा.

"माय, तिनी सांगेल शे, जाळानं नई."

"दे आठे काडी," मी म्हटलं.

मीच लावली. वाळलेली पऱ्हाटी, लगेच भडकली. वारा माझ्याच अंगावर होता. नवनीत दंड धरून ओढायला लागला, मी हलले नाही. खोकला उठला, आणि इतक्या दिवसांचं सगळं डोळ्यांतून एकदम बाहेर आलं. शेजारच्या शेतातल्या बायका म्हणाल्या, धनुबाईला धूर लागला, बाजूला घ्या तिला. म्हणू देत. मी खोकत होते आणि रडत होते, आणि नवनीत बिचारा माझी पाठ चोळत होता. ती जागा त्याला सापडत नव्हती.