काजं नसलेले शर्ट

मी शिंपी आहे. घराची पुढची खोली म्हणजे दुकान. कापड मी कापायचो, मशीनवर मीच शिवायचो, काज-बटण बायको करायची. हाताने. तिचं काम झालं की शर्ट दांडीवर जायचा. दांडीवरचा शर्ट म्हणजे तयार शर्ट, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

ती गेल्यावर मी काम थांबवलं नाही. कापत राहिलो, शिवत राहिलो. काजाची वेळ आली की शर्ट तसाच दांडीवर टांगायचो. पलीकडच्या गल्लीत काज-बटण करून देणारा एक जण आहे. त्याच्याकडे गेलो नाही. का, ते मला सांगता येणार नाही.

गिऱ्हाइकं आली की मी पुढच्या आठवड्यात या म्हणायचो. बँकेतला शिपाई दोन शर्टांसाठी सारखा खेपा घालत होता. शेवटी म्हणाला, "काका, माझं पोट सुटायच्या आत द्या हो. नाहीतर पुन्हा माप घ्यावं लागेल." मी मान हलवली. तिथे हसायचं होतं, हे तो गेल्यावर लक्षात आलं. शर्टच दिला नाही तर शिलाई कशी मागणार? हातात काही येईना.

मुलगा दुसऱ्या गावी कारखान्यात असतो. तो पैसे पाठवायचा, पण त्याची एक रीत पडली होती. महिना लागला की बायको त्याला फोन करायची. पैशाचं नाव काढायची नाही. जेवलास का विचारायची, सुनेची चौकशी करायची आणि फोन ठेवता ठेवता म्हणायची, बाकी सगळं ठीक, गॅस संपत आलाय. दर महिन्याला आमचा गॅस संपत यायचा. आई, तुम्ही गॅस पिता की काय, असं तो म्हणायचा आणि पैसे पाठवायचा.

आता तसा फोन करणारं कोणी राहिलं नाही, म्हणून पैसेही थांबले. त्याचे फोन यायचे. मी ठीक आहे म्हणायचो. गॅस खरंच संपला तेव्हाही तेच म्हणालो.

एका रविवारी तो आला. भरलेली दांडी बघून म्हणाला, काम जोरात दिसतंय. त्याच्या तोंडावर सुटका झाल्यासारखं दिसलं. मग त्याने घराचे हप्ते सांगितले, मुलीच्या शाळेचं सांगितलं. यंदा जरा ओढाताण आहे म्हणाला. तुमचं भागतंय ना, असं विचारलं. मी भागतंय म्हणालो.

चहा मी समोरच्या टपरीवरून आणला. तो त्याच्या अंगावर सांडला. गाडीची वेळ होत आली होती, म्हणून त्याने दांडीवरचा आपल्या मापाचा एक शर्ट काढला. गिऱ्हाइकाला उशिरा दिलात तर चालेल ना, असं म्हणत अंगात घातला. त्याची बोटं गळ्यापाशी गेली. मग खाली सरकली. बटण नव्हतं, काज नव्हतं. त्याने शेजारचा शर्ट उलटून पाहिला. मग त्याच्या शेजारचा. असा दांडीच्या टोकापर्यंत गेला.

तिथून तो आत गेला. शेगडीचं बटण फिरवल्याचा आवाज आला. पुन्हा आला. बाहेर येऊन, काजं करताना त्याची आई बसायची त्या स्टुलावर बसला.

"फोन का नाही केलात, बाबा?"

"ते तुझी आई करायची."

"मला वाटलं, लागलं तर तुम्ही सांगाल."

"मला मागायला लावू नकोस," मी म्हणालो. "दर महिन्याला तूच पाठवत जा."

हप्ते त्याच्या डोक्यात फिरत असणार. मी बोललेलं मागे घेतलं नाही.

"पाठवीन," तो म्हणाला. "थोडे कमी असतील. पण न मागता येतील."

त्याने चहा सांडलेला शर्ट परत घातला. दांडीवरचे सगळे शर्ट काढले, चादरीत बांधले आणि पलीकडच्या गल्लीत निघाला. त्याची गाडी चुकली.

दांडी रिकामी झाली. मी शिपायाच्या दुसऱ्या शर्टाचं कापड टेबलावर पसरलं आणि त्याचं माप कुठे ठेवलंय ते शोधू लागलो.