काजाएवढी भोकं

थोरल्याच्या अंगावर कॅन्सरची खूण होती आणि ती तो मिरवायचा. नऊ वर्षांपूर्वी त्याची अन्ननलिका काढली, तेव्हा डॉक्टरांनी त्याला पाठीपासून बरगडीपर्यंत आणि छातीखालून बेंबीपर्यंत उघडला होता. शिंप्याचं दुकान; गिऱ्हाईक मापाला उभं राहिलं की हा काहीतरी निमित्त काढून सदरा वर करायचा. त्या व्रणाच्या जोरावर स्वारी वर्षभर गादीवर बसून होती. धाकटा भाऊ दोन्ही मशिनी एकट्याने ओढत राहिला आणि कुणी चकार शब्द काढला नाही.

आता तोच आजार धाकट्याला झाला. डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीने ऑपरेशन केलं. दोन इंचांचा एक छेद आणि सात भोकं, प्रत्येक भोक कोटाच्या काजाएवढं. अकराव्या दिवशी तो घरी आला.

"आतलं काम तुमच्या भावाइतकंच मोठं आहे," बाईंनी निघताना बजावलं होतं. "जठराची नळी करून वर शिवलीय. दार तेवढं लहान. सध्या पातळच घ्यायचं, घोट घोट. घास नाही, काम नाही."

थोरल्याने भावाचा सदरा वर केला, चष्मा लावून बघितलं आणि हसला.

"हे काय? ढेकूण चावले?"

"दादा, आतलं सगळं काढलंय."

"मला शिकवतोस? चाळीस वर्षं कोट शिवतोय मी. शिवण उसवल्याशिवाय अस्तर बदलता येतं का कधी? भूल देऊन गुंडाळलं तुला."

धाकट्याची बायको मध्ये बोलायला गेली, तर तिलाही त्याने झापलं. "तुला नवरा अंथरुणात हवा असेल. मला दुकानात हवाय."

धाकट्याला राग यायला हवा होता. तो आला नाही, हेच वाईट. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पन्नाशी उलटली तरी दादाने कामचुकार म्हटलं की तो मान खाली घालून कामाला लागायचा. आपल्याला आजारी म्हणावं, एवढंच त्याला दादाकडून हवं होतं.

घरी आल्यापासून चौथ्या दिवशी तो मशिनीवर बसला. दुपारी थोरल्याने स्वतःच्या हाताने ताट वाढलं. भाताचा ढीग, वर मटणाचे तुकडे.

"मी एवढा फाडलेला असून पंधराव्या दिवशी असंच जेवलो होतो. जेव."

ही शुद्ध थाप होती. त्या वेळी दोन महिने धाकट्यानेच त्याला चमच्याने पेज भरवली होती. तरी त्याने ताट पुढे ओढलं. बायको "नका हो, ऐका माझं" म्हणत राहिली. त्याने ताट चाटूनपुसून संपवलं. दादा "शाब्बास" म्हणाला आणि तो सुखावला.

संध्याकाळी ताप फणफणला. सकाळपर्यंत श्वास लागला. आतली शिवण सुटून अन्न छातीत सांडलं होतं. दुर्बीण लावत बसायला आता बाईंना सवड नव्हती. त्यांनी त्याची छाती उघडली, पोट उघडलं, सडलेलं काढून टाकलं.

"तोंडाने परत कधी जेवतील, सांगता येत नाही," त्या बायकोला म्हणाल्या. "वाचले तर."

थोरला आयसीयूत आला. त्याने चादर बाजूला केली आणि तो लांबलचक छेद कितीतरी वेळ पाहिला. त्याचे डोळे भरून आले. भावाच्या केसांवरून हात फिरवत तो म्हणाला, "पडून राहा बाळा. दुकानाचं मी बघतो. मोठं ऑपरेशन झालंय तुझं."

धाकट्याच्या तोंडात नळी होती. त्याने डोळे मिटले. बायको पायथ्याशी उभी होती. नवऱ्याच्या चेहऱ्यावरचं समाधान तिला दिसलं आणि ती तिथून निघून गेली.