एकशे सतरा मीटर

माजलगावात बंदुका दुरुस्त करणाऱ्या मुबीन मिस्त्रींनी सुंदररावांच्या कार्बाइनची नेमाची पट्टी आधी पन्नास मीटरवर लावली, मग शंभरवर लावून दाखवली. उसातल्या रानडुकरांना तेवढं लई झालं.

"एकशे सतरावर लावा," सुंदरराव म्हणाले.

मिस्त्री खेकसले, "डुक्कर काय टेप धरून उभं राहतंय व्हय, मालक? एकशे सतराच कावून?"

"आकडा तुमचाच हाय, मिस्त्री."

मिस्त्रींनी हातातला पेचकस खाली ठेवला. गेल्या महिन्यात वाटणीच्या मोजणीला पंच म्हणून तेच गेलते. सुंदररावांच्या गच्चीपासून पुतण्या रविराजच्या ओट्यापर्यंत टेप त्यांनीच धरला होता, आणि आकडा चारचौघांत मोठ्यानं वाचलाही त्यांनीच होता.