आतली कड कुणी बघितली?

मी एक जुना टायर आहे. जुना म्हटलं म्हणून लगेच हळहळू नका, मित्रांनो. माझ्या जन्माचा आठवडा आणि वर्ष माझ्या कुशीवर चार आकड्यांत कोरलंय. वाचून बघा, मला अजून दोन वर्षंही झालेली नाहीत. नीट वागवलं असतं तर पन्नास हजार किलोमीटर सहज धावलो असतो. अठरा हजारांतच माझा निकाल लागला, आणि वर नाव माझंच बद्दू!

रबर आणि पोलादी तारा एकत्र भाजून मला घडवलं. नारिन गावच्या बाजारातून टॅक्सीवाल्या तोलोगोननं मला आणलं आणि गाडीच्या पुढच्या उजव्या चाकावर चढवलं. त्याच चाकावर माझ्या आधीचे दोन टायर मेले होते. का मेले, हे त्यानं विचारलं नाही.

नारिन ते बिश्केक, दोलोन घाटातून आमची ये-जा. खडी, बर्फ, चिखल, सगळं मी तुडवलं. पहिल्या हिवाळ्यात तोलोगोन माझ्यावर थाप मारून म्हणायचा, "घोडा आहे घोडा!" पुढे हाच घोडा गाढव ठरला.

खरी गोष्ट ऐका. माझ्या येण्याआधी, उन्हाळी कुरणावर तंबूचे वासे नेताना त्यानं गाडी ओढ्यातल्या धोंड्यावर आदळली होती. चाक सरळ धरणारा दांडा वाकला. गाडी उजवीकडे ओढू लागली, तर हा पठ्ठ्या स्टिअरिंग डावीकडे दाबून धरायचा आणि दुरुस्त झाली म्हणायचा! तिरक्या चाकावर मी धावत नव्हतो, फरफटत होतो. बाहेरून नक्षी ताजी, आतली कड मात्र सोलून निघाली. स्टँडवर बाकीचे ड्रायव्हर हसायचे, "तोलोगोन, टायर चहाबरोबर खातोस काय रे?" तो मला लाथ घालून म्हणायचा, "हल्लीचा मालच भिकार!"

भिकार मी? मित्रांनो, आतली कड कुणी बघितली होती?

एका सकाळी त्याची बहीण बुरुल चार महिन्यांचं पोर घेऊन मागे बसली. गाडी अंगणातून वळली आणि म्हातारा उमेतअली आडवा उभा राहिला. तो तोलोगोनचा बाप. त्याचा जन्म घोड्यांना नाल ठोकण्यात गेला होता.

"थांब. उजव्या पायानं लंगडतेय."

"बाबा, हा घोडा नाहीये!"

"म्हणून तर ओरडत नाही बिचारी. चाक वळव, आत हात घाल."

"कालच लाथ मारून बघितलंय. टणक आहे."

"लाथ मारून तुझं डोकंसुद्धा टणकच लागेल! हात घाल."

मागून बुरुल म्हणाली, "घाल ना, दादा. माझं लेकरू आहे गाडीत."

तोलोगोननं कुरकुरत चाक वळवलं, उकिडवा बसला आणि आत हात फिरवला. मी चावलो! रबर संपून उघडी पडलेली माझी तार त्याच्या तळव्यात घुसली. मला त्याची लाज नाही. तोंड नसलेल्यानं आणखी कसं बोलायचं?

"खूर एका बाजूनं झिजला तर मी नालाला शिव्या देत नाही," म्हातारा म्हणाला, "घोड्याची चाल बघतो. तीन टायर खाल्लेस. गाडीची चाल कधी बघणार?"

तोलोगोननं रक्त चोखलं. घाटाकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "उतर, बुरुल."

दांडा बदलला, चाकं सरळ रेषेत आणली. माझ्या जागी आलेल्या टायरनं आता तीस हजार ओलांडलेत, आणि त्याच्या दोन्ही कडा सारख्या आहेत. मला म्हाताऱ्यानं आडवं कापून माझी घोड्यांसाठी पाण्याची कुंडी केलीय. तक्रार नाही. पण मी झिजलो असं म्हणू नका. मला झिजवलं.

म्हणून सांगतो, बाहेरून लाथ मारून कुणाची पारख करू नका. गुडघे टेका, आत हात घाला. तोलोगोन आता रोज निघण्याआधी घालतो. तळव्यावर माझी खूण आहे ना, विसरेल कसा?