निरोगी माणसाचं रक्त

प्रयोगशाळेत फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांचं रक्त यायचं. त्यातल्या रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढायच्या, काचेच्या बशीत कर्करोगाच्या पेशींबरोबर सोडायच्या आणि कितींना मारतात ते पाहायचं, हे धाकटीचं संशोधन. तुलनेला धडधाकट माणसाचं रक्त लागे. नेहमीचा रक्तदाता तापाने पडला, म्हणून तिने थोरल्या भावाला बोलावलं.

दादा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी चालवायला शिकवायचा. "घे बाई," बाही वर सारत तो म्हणाला, "तुझ्या वहिनीने आटवून जेवढं उरलंय तेवढं घे." स्वतःच्याच विनोदावर हसता हसता त्याला ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. एव्हाना बशीत कर्करोगाच्या पेशींचा फडशा पडलेला असायला हवा होता. त्या ऐसपैस पसरल्या होत्या. दादाच्या पेशी त्यांना खेटून, हातपाय गाळल्यासारख्या नुसत्या बसून होत्या. अशा पेशी तिने रोज पाहिल्या होत्या, पण रुग्णांच्या. बशा बदलल्या असतील म्हणून तिने खुणा तपासल्या. उरलेल्या रक्तावर प्रयोग परत केला. तेच.

"एवढ्यावरून काहीच ठरत नाही," विभागाचे डॉक्टर म्हणाले. "साधा संसर्ग असेल, झोप नसेल." मग त्यांनी विचारलं, "खोकला आहे का त्यांना?"

दादाचा ठसका आठवून तिने त्याच्या घरी फोन लावला.

फोन वहिनीने उचलला. "खोकला ना? अगं, कधीचा आहे. ऐकतात का माझं!"

दादाने आधी उडवून लावलं. "मला काय धाड भरलीय?"

"माझ्यासाठी एकदा छातीच्या स्कॅनला ये," ती म्हणाली. तिचा आवाज ऐकून तो यायला तयार झाला.

स्कॅनच्या खोलीबाहेरच्या काचेतून ती बघत होती. यंत्र चालवणारी बाई मघापासून गप्पा मारत होती. पडद्यावर चित्र उमटलं तशी ती बाई वाक्य अर्धवट टाकून उठली. तिने डॉक्टरांना बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

उजव्या फुप्फुसात गाठ होती. शेजारच्या ग्रंथीही सुजल्या होत्या.

दादा शर्टाची बटणं लावत बाकावर येऊन बसला. एक बटण चुकलं होतं. "तुला आधीच कळलं होतं, हो ना?"

"शंका होती."

"तुझ्या वहिनीला काय सांगायचं?"

"खरं तेच."

"मग आधी मला नीट सांग," तो म्हणाला आणि शाळकरी मुलासारखा तिच्याकडे वळून बसला. वर्गात विद्यार्थ्यांना हा आजार तिने कितीदा समजावला होता. आज तिने आधी त्याचं चुकलेलं बटण नीट लावलं.