शेवटच्या जांभळांची बरणी

मी बरणी. दिवा गावात, ऐरोलीच्या खाडीकडच्या बाजूला, देवजीच्या स्वयंपाकघरात राहते. खालून पांढरी, वरून तपकिरी, आणि गळ्याशी एक टवका उडालेला. कुणी माझ्या रूपाचं कौतुक करावं असं काही नाही. पण गप्प बसायचीही माझी इच्छा नाही, कारण या गावात सगळ्यांना भलतीच घाई झाली आहे.

घाईचं फळ मी जन्मतःच पाहिलं. आम्हा बरण्यांना भट्टीतून काढायचं होतं. कुणा शहाण्याने भट्टी पुरती गार होण्याआधीच दार उघडलं. माझ्या शेजारच्या दोघी गार वाऱ्याने तिथल्या तिथे तडकल्या. मी मागे होते म्हणून वाचले.

सगुणा नवरी होऊन या घरात आली तेव्हा मी तिच्या सामानात होते. तिने माहेराहून आणखी एक गोष्ट आणली होती: पदराला बांधलेली जांभळाची बी. ती तिने परसात पुरली. पुढे माझ्या पोटात दरवर्षी कैरीचं लोणचं मुरत राहिलं आणि मागच्या दारी जांभूळ वाढत राहिलं. लोणचं घातल्यावर सगुणा झाकणाभोवती कणीक लिंपायची. मग देवजी घराचा मालक असला तरी त्याला माझ्याजवळ फिरकायची सोय नसे.

"मुरू दे. उतावल्याला नुसता खार मिलतो," ती म्हणायची.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला परसात मोजणीच्या दोऱ्या धरून माणसं आली. शेतं आधीच गेली होती, मिठागरं गेली होती, देवजी रबाळ्याच्या कारखान्यात कामाला लागला होता. आता रस्ता रुंद व्हायचा होता. साहेबांच्या नकाशावर आमचं परस म्हणजे एक सरळ रेघ होती, आणि रेघेत झाड दिसत नाही. शहर व्हावं, माझी ना नाही. पण फळांनी लगडलेल्या झाडावर कुऱ्हाड घालायला निदान फळ उतरेपर्यंत थांबता येत नाही? देवजी साहेबाशी भांडला, अगदी गळ्याच्या शिरा ताणून भांडला. शेवटी झाड वाचलं नाही, पण फळ पिकेपर्यंतची मुदत मिळाली.

ती शेवटची जांभळं सगुणाने पाटीभर गोळा केली आणि त्यांच्याकडे बघत बसली. खाऊन संपवायला तिचं मन होईना.

थोरली लेक नंदिनी वाशीच्या कॉलेजात शिकत होती, धाकटा मुलगा अजून शाळेत. ती म्हणाली, "आई, वाईन करूया. माझी वसईची मैत्रीण घरी करते. वर्षभर ठेवली की छान होते. झाड गेलं तरी चव राहील."

"आनि मी काय करू?" सगुणाने विचारलं.

"तू थांबायचंस. तेच तर तुला जमतं."

मला गरम पाण्याने धुतलं, उन्हात घातलं, तरी हिंगाचा वास जाईना. पुन्हा धुतलं. मग कुस्करलेली जांभळं, साखर, पाणी, बेकरीतून आणलेलं यीस्ट आणि दोन-चार लवंगा माझ्या पोटात गेल्या. नंदिनीने तोंडाला नुसतं फडकं बांधलं आणि ती कॉलेजला गेली.

सगुणाला ते उघडं तोंड बघवेना. इतक्या वर्षांची सवय! तिने फडकं काढलं, झाकण घातलं आणि भोवती चांगली जाड कणीक लिंपली. बाई गं, माझ्या पोटात काय चाललं होतं ते तिला कसं कळावं? लोणचं गुमान मुरतं. वाईन आधी उकळते, फुसफुसते, तिला श्वास लागतो. दोन दिवस मी कळ सोसली. तिसऱ्या दिवशी देवजी कामावर निघाला होता, पांढरा शर्ट घालून. माझं झाकण उडालं.

"अरे देवा! नंदिनी, तुजी बरनी ओकली!" देवजी ओरडला. शर्ट जांभळा, भिंत जांभळी, मिशासुद्धा जांभळ्या.

नंदिनी हसून हसून जमिनीवर बसली. सगुणा मात्र घाबरून माझ्यात डोकावली. बरंचसं शिल्लक होतं. तिने देवजीकडे नंतर पाहिलं.

फुसफुस थांबल्यावर नंदिनीने रस गाळून परत भरला. "आता झाकण लाव. आणि पुढच्या वर्षापर्यंत कुणी हात लावायचा नाही."

पण हिवाळ्यात नंदिनीचं लग्न ठरलं. आमच्या आगरी घरात हळदीची रात्र म्हणजे गाव जेवायला आणि निम्मा गाव प्यायला. देवजीने छाती काढून सांगून टाकलं, "पोरीच्या हलदीला आमच्या जांभलाची वाईन!"

"बाबा, अजून कच्ची आहे," नंदिनी म्हणाली.

"सहा महिने झालं. मानूस पन सहा महिन्यात बसाय लागतो."

"बसतो, बाबा. नाचत नाही."

त्याने ऐकलं नाही. मांडवात मला उचलून आणलं आणि पळीने तळापासून ढवळलं. आमटी वाढताना ढवळतात ना, सगळ्यांना सारखं यावं म्हणून, तसं. तळाशी बसलेला सगळा गाळ वर आला. ग्लासात पडलं ते गढूळ, आणि इतकं तुरट की पिणाऱ्यांची तोंडं आक्रसली.

सगुणाचा भाऊ नामदेव, गावातला सर्वांत मोठा आवाज. तो म्हणाला, "दाजी, ही हलदीची दारू हाय का खोकल्याचं औषद? जावयाला पाजू नका, पलून जाईल!"

मांडव हसला. देवजीही हसला, पण त्याचा हात माझ्या गळ्यावर घट्ट आवळलेला होता, ते मलाच ठाऊक.

पाठवणी झाली. दुसऱ्या दिवशी घर रिकामं झाल्यावर त्याने मला उचललं आणि गटाराकडे चालू लागला. सगुणा दारात आडवी आली.

"कुठं नेताव?"

"ओतून टाकतो. गावात हसं झालं माजं."

"तुमचं हसं झालं. माजं झाड गेलं." ती मोठ्याने बोलली नाही. "पोर गेली, झाड गेलं. येवढंच हाय घरात. ठेवा ती खाली."

देवजी दारातून मागे फिरला. मग त्याने मला खाली ठेवलं. सगुणाने मला तांदळाच्या पिंपामागे, अंधारात सरकवलं. माझ्यावर जुनं लुगडं घातलं. मला झोपवावं तसं.

काय सांगू त्या अंधाराबद्दल? बाहेर रस्ता झाला, समोर इमारत उठली, देवजीच्या परसापर्यंत डांबर आलं. माझ्यात काहीच होत नाही असं कुणालाही वाटलं असतं. पण गाळ पुन्हा बसत होता, आणि तुरटपणा रोज थोडासा माघार घेत होता. कधीकधी सगुणा येऊन लुगड्यावरून हात फिरवायची. झाकण तिने एकदाही उचललं नाही.

पुढे नंदिनी बाळंतपणाला माहेरी आली. बारशाच्या सकाळी तिने मला बाहेर काढलं. या वेळी पळी नाही, ढवळणं नाही. बारीक रबरी नळीने, गाळाला न दुखावता, तिने वरचंवरचं बाटल्यांत उतरवलं. ग्लासातून पलीकडची खिडकी दिसली, लालजांभळी.

पहिला ग्लास नामदेवने घेतला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याने दुसरा घोट घेतला.

"काय मामा, औषध का?" नंदिनीने विचारलं.

"दाजी," तो हळूच म्हणाला, "ही तीच?"

"तीच."

"मंग त्या दिवशी ही कुठं होती?"

सगुणा पीत नाही. तिने नुसता वास घेतला आणि डोळे मिटले. "पिकून खाली पडायची ना परसात," ती म्हणाली, "पायाखाली चिखल व्हायचा. तोच वास."

देवजीने आणखी एक ग्लास भरला आणि तो घेऊन मागच्या दाराने बाहेर पडला. जिथे जांभूळ होतं तिथे आता डांबराची कड आहे. त्या कडेच्या मातीत त्याने ग्लास सावकाश ओतला, देवाचा मान देतात तसा.

"अवो दाजी, वाया कशाला घालवताव?" नामदेव ओरडला.

"गप रे," देवजी म्हणाला. "हा झाडाचा वाटा."

आता मी रिकामी आहे. सुनेला, म्हणजे देवजीच्या धाकट्या मुलाच्या बायकोला, माझ्या पोटातला जांभळा डाग राखेने घासून काढायचा असतो, आणि सगुणा तिला काढू देत नाही. भिंतीवरचाही तसाच ठेवला आहे. तुमच्या घरात कुणी कोपऱ्यात काही मुरत ठेवलं असेल, तर बाबांनो, झाकणाला हात लावण्याआधी एकदा मागच्या दारी जाऊन या; तेवढ्यात घाई निवळते. ज्या गावात कुणालाच थांबवत नव्हतं, त्या गावात एक बाई माझ्यासाठी थांबली. मला आयुष्यात तेवढं पुरलं.